एका मुंगीची दोन नावं

कार्ल्सरूहे
५ एप्रिल २००५

मामा,

आधी खाली बस. चहाचा कप हातात असला तर ठेव बाजूला, सांडशील आणि मामी मला शिव्या घालेल.

तुझ्या भाचीने जर्मनीतल्या एका डॉक्टरला तासगावचा बेदाणा आफ्रिकेतला किडा म्हणून खपवला! चाळीस मिनिटं तो मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला होता. मी दाराआडून घड्याळ बघत होते.

आल्झो, पहिल्यापासून सांगते. (आल्झो म्हणजे 'तर मग'. इथे सगळे वाक्याआधी लावतात, मलाही खोड लागली.) तू कारखान्यात सगळ्यांना सांगतोस ना, भाची जर्मनीत इंजिनिअर आहे म्हणून? बंद कर ते. भाची जर्मनीत ओ-पेअर आहे. म्हणजे फ्राऊ लिंडनरच्या (फ्राऊ म्हणजे बाई) घरात राहायचं, तिची सहा वर्षांची योहाना शाळेतून आणायची, तिच्या मागे सूपची वाटी घेऊन पळायचं, बदल्यात खोली, जेवण आणि जर्मनचा क्लास. बारावीला अठ्ठेचाळीस टक्के पाडल्यावर आणखी काय मिळणार?

पण फ्राऊ लिंडनर काम काय करते माहितीये? मुंग्या ओळखते! इथे किड्यांचा एक संग्रह आहे, झामलुंग म्हणतात त्याला. तीन मजले नुसते ड्रॉवर आणि ड्रॉवरात टाचणीला टोचलेले किडे. फ्राऊ लिंडनरकडे आफ्रिकेतल्या लष्करी मुंग्या. योहाना शाळेत असली की मी तिथे जाऊन बसते. आधी नुसते ड्रॉवर पुसायचे. आता मी मिशांचे सांधे मोजते. हसू नकोस! मिशीला अकरा सांधे आहेत का, कमरेच्या गाठीखालचा काटा मागे वळलाय की खाली, बुडाला खाच कशी आहे, ह्यावरून जात ठरते. परवा फ्राऊ लिंडनर म्हणाली, उर्जा, तुझी नजर चांगली आहे. मला आयुष्यात कुठल्या मास्तरने असं म्हटलेलं आठवत नाही.

आता खरी गंमत. ह्यातल्या कामगार मुंग्या आंधळ्या. डोळेच नाहीत, लाखांनी रांग करून निघतात. तुझ्या केनियातल्या क्वार्टरमध्ये पावसात घुसतात त्या ह्याच. आणि ह्यांचा नर बघितलास तर म्हणशील ही मुंगीच नव्हे. बोटाच्या पेरापेक्षा मोठा, पंखवाला, डोळे शर्टाच्या बटणासारखे, पोट सॉसेजसारखं. म्हणून त्याला सॉसेज-माशीच म्हणतात. पहिला नर युरोपात आला तेव्हा इथले लोक त्याला गांधीलमाशी समजले होते! नर दिव्यावर येतो, तो दिव्याखाली पकडला, त्याला एक नाव दिलं. कामगार जमिनीवर पकडली, तिला दुसरं नाव दिलं. आता एका ड्रॉवरात नुसते नर, दुसऱ्यात नुसत्या कामगार, आणि कोण कुणाच्या घरचं पत्ता नाही. नवरदेव एका एसटीत, वऱ्हाड दुसऱ्या एसटीत, आणि दोन्ही एसट्या वेगळ्या गावाला!

फ्राऊ लिंडनरला वाटतं, तिच्याकडचा एक नर आणि एक कामगार एकाच जातीचे आहेत. दोघंही केनियाच्या पश्चिमेचे, तुझ्या बाजूचे. पण पुरावा नाही.

तर बेदाण्याचं. एक एप्रिलला मी लांबडा बेदाणा घेतला, खिडकीत मेलेल्या गांधीलमाशीचे पंख डिंकाने चिकटवले, ब्रशचे केस पायांना, आणि टाचणी टोचून फ्राऊ लिंडनरच्या ट्रेमध्ये ठेवला. ती हसली असती. पण त्या दिवशी ट्रे उचलला तिच्या साहेबाने, हेर (म्हणजे श्रीयुत) डॉक्टर फोग्टने. हा माणूस हसत नाही, मामा. त्याने बेदाणा बघितला, मापं घेतली, बॉनला कुणाला तरी फोन लावून सांगितलं की नवीन नर आलाय. मग फ्राऊ लिंडनर आली, तिने वास घेतला आणि म्हणाली, "हा गोड आहे."

फोग्टने मला झामलुंगमध्ये पाय टाकायला बंदी केली.

आणि इथेच माझी वाट लागली. ऑगस्टला ओ-पेअरचं वर्ष संपतंय. झामलुंगमध्ये एक वर्ष स्वयंसेवक म्हणून राहायची जागा आहे, राहण्याजेवण्यासकट. फ्राऊ लिंडनर माझं नाव द्यायला तयार आहे. पण फॉर्मवर फोग्टची सही पाहिजे, तीस जूनच्या आत. नाहीतर मी परत इस्लामपूरला, तहसील कचेरीसमोर, पप्पांच्या दुकानात सातबाराच्या झेरॉक्स काढत. एकदा डोळ्यांनी मुंगीच्या मिशा बघितल्यावर ते नाही रे जमणार.

म्हणून मामा, मुंग्या पाठव! कामगार आणि नर, दोन्ही. तुमच्या कारखान्याला डिस्टिलरी आहे, तिथलं स्पिरिट घे. नर एका बाटलीत, कामगार दुसरीत, नाहीतर चावून चिंध्या करतात. आत चिठ्ठी टाक, पेन्सिलीने, शाई विरघळते. चिठ्ठीवर जागा, तारीख, मग 'लेग.' म्हणजे एल, ई, जी, टिंब, आणि त्यापुढे जे असेल ते. परवान्याचा कागद सोबत आहे, पार्सलला जोड.

पुरावा आला की फोग्ट बेदाणा विसरेल. विसरायलाच पाहिजे.

तुझी उर्जा


साखर कारखाना कॉलनी, पश्चिम केनिया
२२ एप्रिल २००५

उर्जाबाई इस्लामपूरकर, मुक्काम जर्मनी, यांना मामाचा दंडवत.

बेदाण्याचं पत्र मी साखर शिजते त्या पॅन स्टेशनवर मोठ्याने वाचलं. आमचा सगळा पॅनमन लोक हसून हसून आडवा. साखर करपायची वेळ आली.

तुझं काम झालं समज. रविवारी आल्या मुंग्या. मागच्या केळीच्या बुंध्यातून निघाल्या, भिंतीवर चढल्या, स्वयंपाकघरात शिरल्या. दोन हात रुंद रांग. झुरळं, पाली, एक उंदीर, सगळं साफ. मी एकटा त्यांच्यासमोर उभा राहिलो. पायात चप्पलसुद्धा नव्हती. पकडल्या मूठभर, टाकल्या बाटलीत. माणसाने भ्यायचं नसतं उर्जे, मुंगी भीती ओळखते.

नर पाहिजेत म्हणालीस, ते तर इथं पोत्यानं. कारखान्याच्या गेटवरच्या ट्यूबलाइटवर धडका मारत असतात. पाच उचलले.

चिठ्ठ्या तू सांगितल्या तशाच लिहिल्यात. नरांच्या बाटलीत: 'लेग. २९'. पाच सक तीस, पण एकाचा पाय मोडलाय, म्हणून एकोणतीस. आपलं काम चोख असतं. कामगारांच्या मोजत बसलो नाही, तिथं 'लेग. भरपूर' लिहिलंय.

सही झाली की कळव. तुझ्या बापाला मी सांगतो, दुसरा पोऱ्या बघ म्हणावं.

तुझा दिनकरमामा

ता. क. उर्जा, मी मामी. वरचं सगळं खोटं आहे. मुंग्या आल्या तेव्हा हे उसाच्या ट्रॉलीवर चढून बसले होते आणि तिथून मला "डावीकडे, डावीकडे" म्हणून सांगत होते. पकडल्या मी, पापड उलटायच्या चिमट्याने. नीट राहा. थंडीत कान झाकून घेत जा.
— नीलिमामामी


कार्ल्सरूहे
३ मे २००५

मामा!! मामी!!

लेग. भरपूर!!

फ्राऊ लिंडनरला मी चिठ्ठ्या भाषांतर करून सांगितल्या तर ती टेबलावर डोकं ठेवून हसली. योहानाला कळलं नाही पण तीही हसली. अरे मामा, लेग म्हणजे पाय नाही. लॅटिनमधलं काहीतरी आहे, त्याचा अर्थ 'हे कुणी गोळा केलं'. त्यापुढे माणसाचं नाव लिहायचं! शंभर वर्षांपूर्वीच्या डब्यांतसुद्धा 'लेग.' आणि पुढे कुण्या पाद्र्याचं, कुण्या सोल्जराचं नाव असतं. माणूस मेला तरी ते नाव राहतं. चूक माझी, मी 'जे असेल ते' लिहिलं.

पण फोग्ट हसला नाही. त्याने झामलुंगच्या दारातच माझ्या नाकापुढे चिठ्ठी धरली, विचारलं, "हा तुझा पुढचा विनोद का?" मी म्हटलं, नाही, हा माझ्या मामाचा खरेपणा आहे. त्याला ते कळलं नसावं.

आणि अडचण खरी आहे. कामगार एकदम बरोब्बर. तिच्याच कामगार, काटा खाली वळलेला, मी स्वतः तपासलं. (हो, घरी. फ्राऊ लिंडनरने जुना मायक्रोस्कोप किचनमध्ये आणून ठेवलाय. बंदी झामलुंगात आहे, किचनमध्ये नाही.) पण ट्यूबलाइटवरचे नर कामाचे नाहीत. दिव्यावर कुठलाही नर येतो, चार गावचे येतात. एसटी स्टँडवर भेटला म्हणून तो आपल्या वऱ्हाडातला होत नाही.

नर पाहिजे तो रांगेतला. कधी कधी कामगार नरांना बिळातून बाहेर सोडायला येतात, त्यांच्या अंगावर चढून, आजूबाजूला पहारा ठेवून. पाठवणीच म्हण. तेव्हा त्याच रांगेतून दोघांना एकाच वेळी उचललं तर पुरावा पक्का. मग फ्राऊ लिंडनर दोघांचा एकेक पाय तोडून डीएनए बघायला पाठवणार. म्हणजे लेग मोजलेस ते अगदीच वाया नाही गेले.

मामी, तू ट्रॉलीवरच्या माणसाकडे लक्ष देऊ नकोस. केळीच्या बुंध्यावर नजर ठेव. मोठे, तपकिरी, पंख मिटून चालणारे. दिसले की उचल. आणि ह्या वेळी लेग.पुढे ज्याने पकडलं त्याचं नाव, इंग्रजी अक्षरांत, पायांचा हिशेब नको!

आठ आठवडे राहिलेत. मी रोज पोस्टाची पेटी तीनदा उघडते. शेजारची म्हातारी विचारते, जर्मन प्रियकर का? मी म्हणते, नाही, आफ्रिकन मुंग्या. आता ती मला बघून पलीकडच्या फुटपाथवरून जाते.

उर्जा


केनिया
२२ मे २००५

चि. उर्जा हिस,

आज पत्र मी लिहितेय. ह्यांना वेळ नाही, आणि ह्यांच्यावर विश्वासही नाही.

मिळाले गं!

गेल्या गुरुवारी दुपारी कपडे वाळत घालत होते. पाऊस थांबून कडक ऊन पडलं होतं. केळीच्या बुंध्याशी माती हलायला लागली. आधी मोठ्या जबड्याच्या आल्या, त्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहिल्या, डोकी वर करून. मग मधून बारक्या. आणि मग, तू म्हणतेस ते. एक. मग तीन. मग मी मोजायचं सोडलं. एवढाले नर, ओले-ओले, चकाकणारे, पंख पाठीवर दाबून, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर ह्या आंधळ्या बाया. ढकलतायत, ओढतायत. मला माझ्याच पाठवणीची आठवण झाली, फक्त तिथं रडत मी होते.

गमबूट घातले, घोट्याला रॉकेलची चिंधी बांधली, चिमटा घेतला आणि बादली पालथी घालून तिच्यावर उभी राहिले. रांगेतून नर उचलायचा, अंगावरच्या कामगार झटकून दुसऱ्या बाटलीत, नर पहिल्या बाटलीत. अकरा नर झाले. दोन मुंग्या कोपरापर्यंत चढल्या, चावल्या तर सुटेनात. मुंगीचं धड तुटलं तरी जबडा हातातच. शेजारची रोझ धावत आली, तिने काढले. ती म्हणाली, आमच्याकडे जखमेला ह्यांनीच टाके घालतात. मला नकोत टाके, म्हटलं.

हे कामावरून आले तेव्हा सगळं झालं होतं. मग ह्यांनी मोठ्या अधिकाराने एका बाटलीची चिठ्ठी लिहिली, दुसरी मी लिहिली. दोन्ही पेन्सिलीने, तारीख १९ मे.

मला हे काम आवडलं, उर्जा. का कोण जाणे. चिमटा हातात धरल्यापासून एकदाही स्वयंपाकाचा विचार मनात आला नाही.

आज रविवार, पार्सल उद्या सकाळीच टाकतेय. पोचलं की लगेच कळव.

मामी


कार्ल्सरूहे
९ जून २००५

मामी, मामा,

पोचलं. नर बरोबर आहेत! फ्राऊ लिंडनरने पहिला नर बशीत घेतला, बघितला, आणि खुर्चीवरून उठून किचनमध्येच एक गोल चक्कर मारून आली. "उर्जा, गेनाऊ! अगदी हाच!" तिच्या ड्रॉवरातला तोच नर. त्याच रांगेतल्या त्याच कामगार. मी योहानाला कडेवर घेऊन नाचले.

आणि आता ऐका, काय घोळ झालाय.

पार्सल आलं तेव्हा घरी मी एकटीच होते. उघडलं, चिठ्ठ्या वाचल्या. कामगारांच्या बाटलीत मामाचं अक्षर: 'लेग. नीलिमा थोरात'. छान. नरांच्या बाटलीत दुसरं अक्षर: 'लेग. कुसुम माने'.

कुसुम माने कोण?

मामा, खरं सांग, तू नर कुणाकडून तरी आणलेस का? कॉलनीत कुणी माने आहेत का? मामी, तू मला बरं वाटावं म्हणून ती बादलीची गोष्ट लिहिलीस का? मला राग नाही येणार. पण मला खरं कळलं पाहिजे.

कारण दोन नावं म्हणजे दोन माणसं. दोन माणसं म्हणजे दोन जागा असू शकतात. कॉलनी चार किलोमीटर पसरलीये. मग एकाच रांगेतून पकडल्याचा पुरावा गेला.

आणि एक सांगते, कुणाला सांगू नका. चिठ्ठी पेन्सिलीची होती. समोर योहानाचा कंपास, त्यात खोडरबर. कुसुम माने खोडायचं, नीलिमा थोरात लिहायचं, अर्धं मिनिट. मामा, बेदाण्याला पंख लावताना मी एकदाही विचार केला नव्हता. त्या दिवशी खोडरबर हातात घेतला आणि विचार आला. शंभर वर्षांनी कुणी ही चिठ्ठी वाचेल आणि खरं मानेल. बेदाणा निदान वासावरून ओळखता येतो, हे कुणाला ओळखता आलं नसतं. ठेवला खोडरबर. दोन्ही बाटल्या तशाच फ्राऊ लिंडनरला दिल्या.

सोमवारी फोग्टने वाचलं, मी दाराबाहेर उभी. "दोन संग्राहक," म्हणाला. "आणि आणणारी व्यक्ती ही." ही म्हणजे मी. फ्राऊ लिंडनर भांडली, तो एकच शब्द म्हणत राहिला, श्रिफ्टलिख. लेखी. कुसुम माने कोण ते लेखी पाहिजे, बावीस तारखेच्या आत. तेव्हाच माझ्या फॉर्मचंही बघतो म्हणाला.

मी काल कार्ड घेऊन फोन लावला, मामा, आठवतंय ना? मी विचारलं कुसुम कोण, आणि तू नुसता हसत सुटलास. हसत राहिलास, हसत राहिलास, आणि माझं कार्ड संपलं. इथे माझ्या जिवाची मुंगी झालीये आणि तुला हसू येतंय!

हे पत्र कारखान्याच्या फॅक्सवर पाठवतेय. झामलुंगचा फॅक्स नंबर खाली आहे. पोस्ट नको. फॅक्स करा.

उर्जा


फॅक्स
१३ जून २००५

उर्जा,

हे अजून हसतायत. त्यांना बाहेर पाठवलंय.

कुसुम माने मीच.

तुला कोण सांगणार? तू जन्मायच्या आधीची गोष्ट. लग्नात ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यात 'नीलिमा' लिहिलं, आणि मी नीलिमा झाले. मला कुणी विचारलं नाही, आणि तेव्हा विचारायची पद्धतही नव्हती. वाईट नाही नाव. चोवीस वर्षं वापरलं.

पण तू लिहिलंस ना, माणूस मेला तरी ते नाव राहतं. मग पेन्सिल हातात घेतली आणि वाटलं, चिमटा ज्या हाताने धरला तो हात कुसुमचा. शाळेत वर्गात गोम आली की बाईसुद्धा बाकावर चढायच्या आणि मला हाका मारायच्या, "कुसुम, काढ गं!" ते नाव कुठेच लिहिलेलं नाही आता. म्हणून लिहिलं. तुझं एवढं अडेल असं वाटलं नाही. चुकलंच माझं.

दोन्ही बाटल्या माझ्या. एकाच बादलीवर उभं राहून भरल्या. ही माझी सही.

पासपोर्टच्या वेळी सरकारी राजपत्रात नाव बदलल्याची नोंद छापावी लागली होती, त्याचं पान पुढे जोडलंय. आणि तुझ्या त्या फोग्टाला म्हणावं, एवढं शिकलास आणि बाईला दोन नावं असतात हे माहीत नाही?

कुसुम शंकर माने, म्हणजेच नीलिमा दिनकर थोरात


कार्ल्सरूहे
२३ जून २००५

मामी, मामा,

बसा. दोघंही बसा.

फॅक्स सरळ फोग्टच्या टेबलावर पडला. दोन पानं मराठी. त्याने मला बोलावलं, म्हणजे बंदीनंतर पहिल्यांदाच मी आत गेले, आणि म्हणाला, "काय लिहिलंय?" मी तोंड उघडलं तर हात वर केला. "तू नको. तू काहीही सांगशील." खरंच होतं म्हणा. मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

मग त्याने युनिव्हर्सिटीत फोन केले. काल दुपारी एक मराठी मुलगा आला, प्रणव, इथे पीएचडी करतो, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. मी त्याला ओळखत नाही, हे फोग्टने दोनदा विचारून घेतलं. प्रणवने फॅक्स धरला आणि एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगायला लागला. मामी, त्याने काहीही गाळलं नाही. ताट, तांदूळ, अंगठी, गोम, बाकावरच्या बाई. फ्राऊ लिंडनर हलायची थांबली होती. आणि मग त्याच सपाट आवाजात: "एवढं शिकलास आणि बाईला दोन नावं असतात हे माहीत नाही?"

फोग्टचे कान लाल.

तेवढ्यात फ्राऊ लिंडनर म्हणाली, "हेर डॉक्टर, मी लग्नाआधी क्राउस होते. माझे पहिले तीन लेख क्राउस नावाने आहेत. मी इथे नोकरीला आले तेव्हा तुम्हीच मला विचारलं होतं, ही क्राउस बाई कोण, फार चांगलं काम करते, तिला आपल्याकडे आणता येईल का?"

मामा, मी ओठ दाबून धरले. दातांचे वळ उठले.

फोग्टने राजपत्राचं पान ओढलं. "हे काय?" प्रणव म्हणाला, डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवीन नाव, शेवटी तारीख. एकाखाली एक, पानभर बायका. फोग्ट बराच वेळ बघत राहिला. त्याच्या सगळ्या जाडजूड पुस्तकांत हेच तर असतं, जुनं नाव, नवं नाव, साल! बोट फिरवत तो मामीच्या ओळीवर आला, थांबला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "दोन नावं एकाच प्राण्याची निघाली, तर कुठलं चालतं?"

ही परीक्षा होती. मला कळलं. आणि उत्तर मला येत होतं! शाळेत कधीच नाही आलं, पण हे येत होतं. नियम साधा आहे. ज्याने आधी नाव दिलं ते टिकतं. मागून दिलेलं कितीही छान असो, ते खाली जातं.

मी म्हटलं, "जुनं."

"का?"

"कारण ते पहिलं आहे. नंतरच्याला माहीत नव्हतं की हिला आधीच नाव आहे."

"माहीत नव्हतं," फोग्ट म्हणाला, "की विचारलं नाही?" आणि हसला. अरे देवा, मामा, तो हसला! दात आहेत त्याला!

आल्झो. आता नीट ऐका. नराचं नाव कामगाराच्या नावापेक्षा पन्नास-साठ वर्षांनी जुनं आहे. डीएनए जुळलं की कामगाराचं नाव जाणार आणि सगळी जात नराच्या नावाने ओळखली जाणार. फ्राऊ लिंडनर लेख लिहितेय. पाय तोडून झालेत, ते मीच तोडले, सुईने, श्वास धरून.

आणि मामी, फोग्टने चिठ्ठ्या बदलल्या नाहीत. चिठ्ठी बदलायची नसतेच. त्याने दोन्ही बाटल्यांत स्वतःच्या अक्षरात एकेक जादा चिठ्ठी टाकली: दोन्ही संग्राहक एकच व्यक्ती, ग्राह्य नाव कुसुम माने. तुझं नाव, मामी. नियमाने. जर्मनीत.

मग त्याने माझा फॉर्म ओढला. पेन उघडलं. पेन बंद केलं. म्हणाला, "पार्सल तुझ्या घरी आलं. तू एकटी होतीस. चिठ्ठी पेन्सिलीची होती." मी म्हटलं, जा. म्हणजे हो. म्हणाला, "तुला दोन नावांची अडचण दिसली नव्हती?" म्हटलं, दिसली होती. "मग?" मी म्हटलं, "ते खरं होतं की नाही मला माहीत नव्हतं, पण माझं नव्हतं."

सही केली. १ सप्टेंबरपासून एक वर्ष. आज सकाळी आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसात, फॉर्म देऊन आले. बाहेर आले आणि ट्रामच्या स्टॉपवर एकटीच ओरडले. शेजारची म्हातारी होती तिथे. ह्या वेळी पळाली नाही. विचारलं, "मुंग्या?" म्हटलं, मुंग्या!

पप्पांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल पुन्हा कुणाला तरी उल्लू बनवतेय.

हे पाकीट मी मुद्दाम जुन्या नावाने पाठवतेय. नियम म्हणजे नियम.

उर्जा


केनिया
८ जुलै २००५

उर्जे,

तुझ्या बापाला फोन केला. आधी दहा मिनिटं विश्वास नाही बसला, मग म्हणाला, मुंग्यांवर पगार मिळतो का? म्हटलं सुरुवात आहे.

तुझं पाकीट गेटवर अडकलं. टपालवाला वाफुला म्हणाला, इथे कुसुम माने नावाचं कुणी राहत नाही. मी म्हटलं राहते, चोवीस वर्षं राहते, मीच नीट चौकशी केली नव्हती. सही करून घेतलं.

आता तुला म्हणून सांगतो. मी तिला कधी नीलिमासुद्धा म्हटलं नाही गं. नाव हौसेनं ठेवलं आणि हाक मारली 'अगं ए'. त्या दिवशी पाकीट घेऊन दारात आलो, चपला काढल्या, आणि घसा साफ करून म्हटलं, "कुसुम!"

आतलं भांडं वाजायचं थांबलं. पण ओ काही आली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल.

मग आतून म्हणाली, "परत हाक मारा."

तुझा मामा